निळ्या दोऱ्याची पिशवी

माझी सून गुणी आहे, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिला बरंच बोलणार आहे. रविवारी सकाळी ती सिनेगॉगच्या, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत मुलांचा वर्ग घेते. गोंद, कात्र्या, रंग, चिंध्या, रिकामे डबे, नुसता पसारा. धर्म शिकवायचा तर हातांनी शिकवायचा, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचे, अगं, आम्हाला कुणी गोंद लावून शिकवला नाही, तरी चिकटलाच ना. ती हसायची आणि पुढच्या रविवारी आणखी एक गोंदाची बाटली घेऊन जायची.

माझं काम शुक्रवारचं. शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत, म्हणजे सूर्य मावळायच्या आत, आमच्यातल्या काही घरांत आठवड्याचं सामान पोचवायचं. पाव, अंडी, तेल, साखर, बटाटे, मेणबत्त्या. याला आम्ही त्सेदाका म्हणतो. लोक त्याला दान समजतात, पण ते दान नव्हे. ज्याचा वाटा आहे तो त्याला नेऊन द्यायचा, एवढंच. आणि तो असा द्यायचा की देणाऱ्याला कळू नये कुणाकडे गेला आणि घेणाऱ्याला कळू नये कुणी दिला.

मी आयुष्यभर पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसले. खाकी कागद आणि गाठ या दोन गोष्टी मला कुणी शिकवू नयेत. प्रत्येक घराचं सामान मी खाकी कागदात बांधते आणि त्याला त्या घराचा ठरलेला दोरा लावते. एकाचा लाल, एकाचा पिवळा. वर नाव नाही, गाव नाही, एक अक्षर नाही. कुठला रंग कुठल्या दारात जातो हे मला ठाऊक आणि व्हॅन चालवणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला ठाऊक. त्याला सगळे मुका म्हणतात. तो मुका नाही, पण शब्दाशब्दाला कर बसतो अशा थाटात वागतो. पार्सल दारात ठेवायचं, बेल वाजवायची आणि माणूस बाहेर यायच्या आत जिना उतरायचा. या कामाला असाच माणूस लागतो.

निळा दोरा खारूच्या घरचा. खारू म्हणजे सुनेच्या वर्गातली एक पोर. पुढचे दोन दात मोठे आणि तोंड सतत चालू, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणतात. बाप जहाजावर नोकरीला. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन यायचे, मग तेही बंद झाले. तो माणूस कुठेतरी सुखरूप होता एवढं कंपनीकडून कळलं होतं, म्हणजे बुडाला नव्हता, त्याने पाठ फिरवली होती. खारूची आई घरी बसून साड्यांना आणि पँटना कडा शिवून देते. त्यात अर्धं पोट भरतं.

ती माझ्याकडे आली तेव्हा बसली नाही. उभ्यानेच बोलली. सामान घेईन म्हणाली, पण एका अटीवर.

"पोरीला मी सांगितलंय, हे बाबा पाठवतात. ज्या दिवशी तिला कळेल की हे बाबांचं नाही, त्या दिवसापासून मी घेणार नाही."

मी तिला समजवायला तोंड उघडलं आणि तिच्याकडे बघून मिटलं. ती बाई बोलली की बोलली. सामान बंद झालं तर ती आपल्या ताटातलं पोरीच्या ताटात वाढणार आणि जेवले म्हणून सांगणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी अट मान्य केली. तेव्हापासून दर शुक्रवारी निळ्या दोऱ्याची गाठ बांधताना माझा हात जरा जास्तच घट्ट ओढायचा.

आता त्या शुक्रवारचं. सकाळी पार्सलं बांधून मी मागच्या खोलीत टेबलावर रांगेत ठेवली आणि दाढ काढायला गेले. दाताच्या डॉक्टरने तासाचं काम दुपार खाऊन केलं. मी परत आले तेव्हा टेबल रिकामं होतं. ते ठीक, भाऊ घेऊन गेला असणार. पण कोपऱ्यातल्या टोपलीत माझा खाकी कागद चुरगळून कोंबलेला होता. शेजारी सून उभी, हाताला रंग आणि चेहरा असा फुललेला, की मी आता तिची पाठ थोपटणार याची तिला खात्रीच होती.

मुलांनी महिनाभर खपून कापडी पिशव्या रंगवल्या होत्या. गरजूंना द्यायच्या, कुणाला ते विचारायचं नाही, असं तिने त्यांना शिकवलं होतं. मला चकित करायचं म्हणून माझ्यापासून लपवून ठेवल्या होत्या. आणि आज मी नाही हे बघून तिने सगळी पार्सलं सोडली, सामान पिशव्यांत भरलं आणि माझे दोरे पिशव्यांच्या तोंडाला बांधून व्हॅनमध्ये चढवलं. खाकी कागद बघून कुणालाही वाईट वाटेल, म्हणाली. देवाघरचं द्यायचं तर जरा सुंदर नको का द्यायला.

अर्धा जबडा बधिर होता, त्यामुळे मला धड ओरडताही येईना. खाकी कागद कुरूप असतो म्हणूनच तो वापरायचा, हे या पोरीला कोण सांगणार? खाकी कागद कुणाला ओळखत नाही. रंगवलेली पिशवी रंगवणाऱ्याला ओळखते. वर्गातली कुठलीही पिशवी खारूच्या दारात गेली तरी खारू ती लांबून सांगेल, कुणाची ते.

"फोटो काढलेस?" मी विचारलं.

तिने आनंदाने फोन पुढे केला. पिशव्या ओळीने मांडलेल्या. झाडं, पक्षी, मासे, एका दिवट्याने चक्क मोटारसायकल काढली होती. आणि मधोमध एका पिशवीवर जहाज होतं. रंगाचं नाही, दोऱ्यांचं. बारीक बारीक निळे तुकडे गोंदाने शेजारी शेजारी चिकटवून केलेलं, शीड, डोलकाठी, खाली लाटा.

ही खारूताईची, सून म्हणाली. केवढं डोकं बघा. घरी दोरे साठवून ठेवलेत तिने, बाबा पार्सल पाठवतात त्याला असतात म्हणे. आणि आई, गंमत म्हणजे तुमच्या एका पार्सललाही अगदी तसाच दोरा होता. मग ते सामान मी त्याच पिशवीत घातलं. रंगाला रंग जुळला.

रंगाला रंग. त्या पोरीने बापाची म्हणून जपलेले दोरे चिकटवून कुणा गरजूसाठी पिशवी केली होती आणि ती पिशवी तिच्याच दाराकडे निघाली होती.

भावाला फोन लावला. उचलेना. वाटपाच्या वेळी फोन उचलायचा नाही हा माझाच नियम, आणि तो गाढव नेमका माझेच नियम पाळतो. खारूच्या आईला लावला, तिचा बंद. मी खाकी कागद टोपलीतून काढून सरळ केला, निळ्या दोऱ्याचं रीळ पर्समध्ये टाकलं आणि सुनेला म्हटलं, गाडी काढ.

ती विचारत राहिली, काय झालं, कुठे जायचंय, आता तर टेबल मांडायचंय, मेणबत्त्या लावायच्यात. मला काहीच सांगता येत नव्हतं. एक शब्द बोलले असते तर ज्या गोष्टीसाठी धावत होते तीच माझ्या तोंडून फुटली असती. आणि सांगता येत नसलं की मला राग येतो, हा माझा स्वभावच आहे.

"मुलांची चित्रं भिंतीला लावायची," मी म्हटलं. "लोकांच्या पोटाला नाही लावायची."

तिचा चेहरा उतरला. तिने किल्ली घेतली. मला त्याच क्षणी वाईट वाटलं, पण वाईट वाटून घ्यायला वेळ कुठे होता.

रस्त्यावर शुक्रवारची गर्दी. प्रत्येक सिग्नल आमच्यासाठीच लाल होत होता. ऊन इमारतींच्या वरच्या मजल्यांपर्यंत चढलं होतं. मी मनात हिशोब करत होते: भाऊ आधी लाल दोऱ्याकडे जातो, मग पिवळ्याकडे, निळा शेवटी. खारूची शाळा सुटून ती घरी आली असेल. पण बेल वाजली की दार तिची आई उघडते. आईच्या हाती पिशवी पडली तर ती लपवेल. फक्त आईच्या हाती पडू दे. मी देवाला असं कधी वेठीला धरत नाही, पण त्या दिवशी धरलं.

पुलाच्या अलीकडे सून हळूच म्हणाली, "आई, तो निळा दोरा..."

"पुढे बघून चालव."

ती पुढे बघून चालवायला लागली. तिच्या डोक्यात काय जुळतंय ते मला कळत होतं आणि ते जुळू नये म्हणून मी काहीच करू शकत नव्हते. खारूच्या घराआधी दोन गल्ल्या मी गाडी थांबवायला लावली. इथेच बस, मागे येऊ नकोस, खिडकीतून बघूसुद्धा नकोस, असं दटावून उतरले. ही म्हातारी वेडी झाली असं तिला वाटलं असेल तर वाटो.

समोरून भावाची व्हॅन परत येताना दिसली. मागचा भाग रिकामा. त्याने मला बघून नेहमीसारखी मान हलवली, काम झालं म्हणून. मी त्याला रस्त्यातच चार शब्द सुनावले असते, पण धावत निघाले. माझ्या वयाच्या बाईने धावणं म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

जिन्याच्या वळणावर खारू पायरीवर बसली होती. बोटाला निळा दोरा गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मागे उघड्या दारात तिची आई उभी होती, कोरडे हात पदराला पुसत. दाराशी, पायरीवर, आत टेबलावर, कुठेच पिशवी दिसत नव्हती.

मला बघून खारूचं तोंड सुरू झालं. आजी, बरं झालं तुम्ही आलात. आज अदलाबदल झाली. बेल वाजली तेव्हा आई गच्चीवर कपडे काढायला गेली होती, म्हणून मी दार उघडलं, तर बाबांच्या पार्सलऐवजी माझीच पिशवी. वर्गातली. टीचर म्हणाल्या होत्या, ही ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यासाठी. मग ती आमच्याकडे कशी ठेवायची? म्हणून मी ती वरच्या घड्याळवाल्या आजोबांच्या दारात ठेवली, बेल वाजवली आणि पळून आले. पार्सलवाले मामा करतात तस्सं.

"त्यांच्याच का?" मी विचारलं.

"त्यांच्या घरातून स्वयंपाकाचा वासच येत नाही," ती म्हणाली. "कधीच."

मी खारूच्या आईकडे बघितलं. तिने नजर वळवली. गच्चीवरून ती उतरली तेव्हा वरच्या मजल्यावर दार उघडून पिशवी आत गेली होती. आता तिथे जाऊन काय म्हणणार, आमची आहे, परत द्या? आणि पोरीसमोर? आठवड्याचं सामान गेलं होतं. आतल्या ओट्यावर पातेलं पालथं होतं. मी पर्स घट्ट धरून उभी राहिले, आत माझा खाकी कागद आणि निळ्या दोऱ्याचं रीळ, आणि बांधायला एक बटाटासुद्धा नाही. शब्बाथ इतका जवळ आला होता, की दुकानात जाऊन यायलाही वेळ उरला नव्हता. गावातली उपाशी घरं मला ठाऊक आहेत असा केवढा तोरा होता माझा. घड्याळवाला म्हातारा माझ्या ध्यानीमनीही नव्हता.

"बाबांचं पार्सल दुसऱ्या कुणाकडे गेलं असणार ना?" खारू म्हणाली. "मामा परत आणतील ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. एवढं खोटं बोललो होतो सगळे मिळून, त्यात थोडं आणखी. पण हो म्हटलं तर ती पोर खिडकीत बसून वाट बघणार, अंधार होईपर्यंत, आणि नंतरही. आणि नाही म्हटलं तर पुढच्या शुक्रवारपासून या घरात काही येणार नाही.

खारूने बोट वर केलं. "पण आजी, एक कळत नाही. माझ्या पिशवीला हा दोरा होता. हा तर बाबांचा आहे."

खारूची आई दारातून पुढे आली आणि पोरीच्या शेजारी पायरीवर बसली. बसताना तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. थकलेलं माणूस हातातलं ओझं खाली ठेवताना बघतं, तसं होतं ते.

"तो बाबांचा नाही," ती म्हणाली. "पार्सल बाबांकडून येत नाही. कधीच येत नव्हतं. बाबा काही पाठवत नाहीत, खारू. मी तुला खोटं सांगत होते."

मला वाटलं पोर रडेल. मी खाली बसायला कठडा धरला. पण ती रडली नाही. दोऱ्याकडे बघत राहिली. मी त्या पोरीला कधी गप्प पाहिलं नव्हतं, आणि ते बघवत नव्हतं. तिच्या बापाला त्या क्षणी मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या शुक्रवारी संध्याकाळी देऊ नयेत.

मग ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे ज्यांच्याकडे काही नाही ते आम्ही," ती म्हणाली. "मग आजी, मी पिशवी चुकीच्या दारात ठेवली?"

तिचा प्रश्न तेवढाच होता. बाप नाही, लाज नाही, पिशवी बरोबर दारात गेली का. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर दारात ठेवलीस. आमच्याकडे नियमच आहे. ज्याला मिळतं त्यानेही द्यायचं असतं. त्याला सूट नाही."

हे मी तिची समजूत काढायला बोलले नाही. तो खरंच नियम आहे, लहानपणापासून पाठ होता मला. पाठ होता आणि या बाईला तो लागू आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्या दारात नुसती आणून टाकत राहिले होते.

ऊन गच्चीच्या कठड्यावरूनही निघून चाललं होतं. मी खारूच्या आईला म्हटलं, चला, आज आमच्याकडे जेवायला. शब्बाथला पाहुणा हवाच असतो, माझ्या सुनेने दोघांपुरतं कधी रांधलेलं नाही, आणि शब्बाथ लागल्यावर आम्ही गाडी चालवत नसलो तरी परत चालत येता येईल. ती नाही म्हणणार याची मला खात्री होती. इतके दिवस बोलावलं नव्हतं ते त्याच भीतीने.

ती उठली. पदर सारखा केला.

"काल बोलावलं असतंत तर आले नसते," ती म्हणाली आणि दाराला कुलूप लावायला वळली.

आम्ही तिघी दोन गल्ल्या चालत गेलो. मला आता दुसरीच धास्ती. सून गाडीत बसलेली. तिने या दोघींना माझ्याबरोबर बघितलं की तिला सगळं कळणार. ती हळवी आहे. रडेल, माफी मागेल, त्या बाईचा हात धरेल, आणि जे कसंबसं उभं राहिलं होतं ते पुन्हा कोसळेल. आणि मी तिला सावध तरी कशी करणार, दुपारपासून तिच्याशी एक शब्द धड बोलले नव्हते.

सुनेने आम्हाला येताना बघितलं. ती गाडीतून उतरली. तिची नजर खारूवर गेली, खारूच्या बोटावरच्या दोऱ्यावर गेली, मग खारूच्या आईवर. चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने ओठ घट्ट मिटले, एक श्वास घेतला आणि मागचं दार उघडलं.

"या ताई," ती म्हणाली. "खारू, पाय आत घे, दार लावते."

मी पुढच्या सीटवर बसले. तिने गिअर टाकला तेव्हा मी तिच्या मनगटावर हात ठेवला, क्षणभरच. दुपारच्या बोलण्याचं काय करायचं ते मी नंतर बघणार होते. तिने मान हलवली, माझ्या भावासारखी.

पुलापाशी मागून खारूचा आवाज आला.

"टीचर, परवा मला दोन पिशव्या लागतील रंगवायला."

सुनेने आरशात बघितलं. विचारू की नको, असं तिला झालं असावं. मग तिने विचारलं, "दोन कशाला?"

"एक वरच्या आजोबांची," खारू म्हणाली, "आणि एक आमची."

मी मागे वळून बघितलं. तिच्या आईने तिला गप्प केलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि तिचा हात पोरीच्या मांडीवर होता.